प्रूफवरची सही : आमच्या स्टुडिओची वाटचाल

आमच्या स्टुडिओत शिरलं की डाव्या हाताला एक लोखंडी कपाट दिसतं. त्यात २०१८ पासूनचं एकेक प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, फाईल करून ठेवलंय. प्रत्येकावर गिऱ्हाइकाची सही आणि तारीख. नवा माणूस आला की विचारतोच, एका पाऊचसाठी एवढं कशाला? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

२००४ साली सांगलीत, गणपती पेठेतल्या एका माडीवर, १० बाय १२ च्या खोलीत आम्ही दोघांनी सुरुवात केली. मी कमर्शियल आर्ट शिकलेला, भागीदार ऑफसेट मशिनवर हात काळे करत वाढलेला. एक पेंटियम फोर, १७ इंची मॉनिटर, डिझाइनसाठी कोरल १२ आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला कॉम्प्युटरला लावायची किल्ली) एवढं भांडवल. डोंगल हरवलं तर मराठी बंद, म्हणून भागीदार ते रोज रात्री खिशात घालून घरी न्यायचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, हळदीच्या पिशव्या. ट्रेसिंग पेपरवर आउटपुट काढायचं आणि सायकलवरून प्रेसला पोचवायचं. भागीदाराकडे एक पितळी भिंग होतं. ओला कागद हातात आला की त्यावर भिंग ठेवून तो ठिपके बघायचा आणि मशिनमनला सांगायचा, "मॅजेंटा सरकलाय, रजिस्टर घे." म्हणजे गुलाबी रंग जागेवरून हललाय, रंग एकमेकांवर नीट बसव. त्याची नजर कधी चुकली नाही.

तुम्ही कुठल्याही डिझायनरकडे जा, त्याच्या टेबलावर भिंग आणि शेडकार्ड (छापील रंगांचे नमुने) आहे का ते आधी बघा. स्क्रीनचा रंग प्रकाशाचा असतो, छपाईचा शाईचा. मोबाइलवर झळाळणारा पोपटी चार रंगांच्या छपाईत तसा उतरत नाही, आणि हे जो काम घेतानाच सांगतो तोच खरा डिझायनर.

पुढची दहा-बारा वर्षं काम चांगलं चाललं. माणसं वाढली, शेजारचा गाळाही घेतला.

मग २०१८ आलं. एका मसालेवाल्याचं पाऊचचं काम होतं, सात रंगांची ग्रॅव्हुअर छपाई. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, इथे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि एकदा कोरला की खोडरबर नाही. आमचं डिझाइन देखणं झालं होतं, आजही मी ते कुणापुढेही ठेवीन. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर मालकानं घाईत फोनवर सांगितला आणि भागीदारानं उतरवून घेतला. परवान्याची प्रत दोनदा मागितली, आली नाही. प्रूफ पाठवलं. उत्तर आलं, "ओके, सोडा छपाईला." तेही फोनवर.

रोल छापून, लॅमिनेट होऊन आला तेव्हा नंबरातले दोन आकडे उलटसुलट. सांगताना चुकले की लिहिताना, ते आजतागायत कळलेलं नाही. चूक आमची नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण मजकूर होता फक्त काळ्यात. म्हणजे काळ्याचा एक सिलिंडर नवा करायचा आणि छापलेला रोल वाया, एवढंच नुकसान. मालकानं सातही सिलिंडरांचे पैसे आमच्या माथी मारले, आमचं बिल अडवलं आणि वर भरपाई मागितली. आमच्याकडे दाखवायला सही नव्हती. साडेतीन लाख भरले. शेजारचा गाळा गेला.

याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. आमच्याकडेच कोरल शिकलेल्या एका पोरानं चार दुकानं सोडून स्वतःचं दुकान मांडलं होतं. पाचशे रुपयांत लोगो, तासाभरात. त्यानं बाजारभर केलं की हे लोक नंबर चुकीचे छापतात. आठ महिन्यांत आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. त्यातलं एक वर्षभरानं परत आलं. त्याचा लोगो नेटवरून उचललेला तयार लोगो होता, आणि तोच दुसऱ्या गावातल्या एका दुकानाच्या पाटीवर झळकत होता. पाचशेत लोगो बनत नाही हो. पाचशेत उचललेलं चित्र मिळतं.

भागीदारानं त्या प्रकरणाचा धसका घेतला. कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, पण तो रोज तोच नंबर पाठ म्हणायचा. दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं. भिंग माझ्या टेबलावर ठेवून गेला, ते अजून तिथंच आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं तेव्हाही मी एवढा खचलो नव्हतो.

त्या दिवसांत एकच माणूस नेमानं जिना चढत राहिला. हळदवाले आबा. पहिल्या वर्षीचं गिऱ्हाईक. प्रकरण त्यांच्या कानावर गेलं होतंच. अर्धे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आन ते प्रूफ. मालावर नाव माझं हाय, वाचायचं बी मीच." स्टीलची पट्टी ओळीखाली धरून त्यांनी पाऊचवरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं. नंबर त्यांनी परवान्यावरून वाचायचा, मी प्रूफवर लाल पेनानं एकेका आकड्यावर टिक करत जायचं. शेवटी न सांगता खाली सही ठोकली. आमची पद्धत त्या दिवसापासूनची आहे.

म्हणून काम द्यायला येताना मजकूर टाइप करून आणा, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो नको. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर चालते त्या मराठीत, येताना मराठी कशी मोडते ते आम्ही रोज बघतो. "आचाऱ्यांची पहिली पसंती" या ओळीतलं ऱ्या बिघडलं की ती "आचार्यांची" होते आणि मसाला स्वयंपाकघरातून थेट मठात जातो. लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून धाडू नका, त्यातले ठिपके कमी होतात; डॉक्युमेंट म्हणून धाडा. १०८० ठिपक्यांचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, जेमतेम साडेतीन इंच छापतं, त्याचा दहा फुटी फलक होत नाही. बारकोड लाल करा असा हट्ट धरू नका. दुकानातल्या बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघा दिसतच नाहीत.

किती नमुने, किती वेळा दुरुस्ती, मूळ फाईल मिळणार की नाही, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा, हे आधी कागदावर घ्या. आणि डिझाइनचे हक्कही लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच दिले जातात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. पैसे दिले म्हणजे लोगो कायमचा आपला झाला, असं समजून निर्धास्त बसलेले कितीतरी व्यापारी मी पाहिलेत. आम्ही हक्कपत्र बिलासोबतच देतो, मुदत कायमची लिहून.

गेल्या महिन्यात आबांच्या नातवाचं काम होतं, हळदीचा नवा पाव किलोचा पाऊच. प्रूफ पाठवलं तर दोन मिनिटांत मोबाइलवर अंगठ्याचं चित्र आलं. मी आबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नातवाला घेऊन आले. ऐंशी ओलांडलीय, मधल्या पायरीवर थांबून दम घेतला. पोराच्या हातात परवाना दिला, पट्टी दिली आणि म्हणाले, "वाच. मोठ्यानं." पोरगं वाचत गेलं, मी लाल पेन फिरवत गेलो. चौदावा आकडा झाला, त्यानं सही केली, तारीख घातली. मग आबांनी चहा सांगितला.