मखमलीतला ओपनर

कुरिअरवाल्या पोराने भर दुपारी आणून दिलेले खोके इतके जड होते की आत पुस्तके असावीत, असे मला वाटले. निघाला तो वाइनच्या बाटलीचे बूच काढायचा ओपनर. काळी पेटी, आत निळी मखमल, मखमलीत खाचा पाडून बसवलेले ते चकचकीत यंत्र, शेजारी बाटलीच्या गळ्यावरचे वेष्टन कापायची चकती, आणि मळसूत्र झिजलेच तर बसवायला दुसरे मळसूत्र. परदेशात चांगल्या हुद्द्यावर असलेल्या पुतण्याने माझ्या साठीनिमित्त ही भेट पाठवली होती. वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरी वाइनची बाटली येते ती क्वचित, आणि तीही पाहुण्याच्या पिशवीतून. त्यातही नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना आता बूच नसतेच. फिरकीचे टोपण असते, ते हाताने उघडते.

तरी ते यंत्र हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही. त्याच्या दोन मुठी बाटलीचा गळा खेकड्याच्या नांग्यांसारख्या आवळून धरतात. कळ एका बाजूला नेली की मळसूत्र बुचात शिरते, उलट फिरवली की बूच अलगद वर येते, आणि या सगळ्यात मनगटाला पीळ म्हणून पडत नाही. या जातीचा ओपनर ज्याने घडवला तो टेक्सासचा हर्बर्ट अ‍ॅलन हा तेलविहिरींच्या यंत्रसामग्रीत हयात घालवलेला इंजिनिअर होता, असे वाचल्यावर मला त्या अवजडपणाचा उलगडा झाला. जमिनीच्या पोटात भोके पाडण्याच्या धंद्यातला माणूस बुचाकडे वळला तर आणखी काय करणार?

आमच्या घरात आधीचा एक ओपनर आहे. बोटीवर नोकरीला असलेल्या धाकट्या काकांनी तो कुठल्याशा बंदरातून आणून, कागदातसुद्धा न गुंडाळता, खिशातून काढून वडिलांच्या हातावर ठेवला होता. तो चाकूसारखा मिटतो. एका टोकाला लहानसे पाते, मध्ये मळसूत्र आणि दुसऱ्या टोकाला बाटलीच्या काठावर टेकवायचा पाय. हॉटेलांतले वेटर हाच खिशात बाळगतात, आणि जर्मनीतल्या कार्ल वीन्के याने १८८२ साली त्याचे पेटंट घेतले तेव्हापासून त्याची मूळ घडण तीच आहे. बूच काढण्याच्या साधनाचे पहिले पेटंट तर त्याच्याही आधी, १७९५ साली, सॅम्युएल हेन्शॉल या इंग्रज पाद्र्याने मिळवले होते. धर्मोपदेशकाला या विषयाचा एवढा ध्यास का असावा, या प्रश्नात मी शिरत नाही.

वडिलांनी जन्मात वाइन चाखली नाही. ते त्या ओपनराने आगळाच्या बाटल्या उघडत. उन्हाळ्यात रातांब्यांचे आगळ बाटल्यांत भरून, बूच ठोकून, वरून मेण ओतून आई त्या फडताळात ठेवी. पावसाळ्याच्या दमट हवेत ती बुचे अशी काही घट्ट बसत की ती सुरीने कोरून काढावी लागत आणि सोलकढीत भुगा तरंगे. ओपनर आल्यावर या कामाला एकदम प्रतिष्ठा आली. वडील पडवीच्या पायरीवर बसत, बाटली दोन्ही गुडघ्यांत धरत, पात्याने मेण खरवडत आणि मळसूत्राचे टोक बुचाच्या बरोबर मध्यावर टेकवून सावकाश फिरवू लागत. चांगल्या मळसूत्राच्या पोकळीतून आगपेटीतली काडी आरपार गेली पाहिजे, हे काकांनी सांगितलेले शास्त्र ते दर वेळी आम्हाला प्रयोगासह समजावत. मग बूच सुटल्याचा तो आवाज, पाठोपाठ आगळाचा आंबट वास, आणि आत हाक, "अगो, टोप आण लवकर!" उरलेल्या दिवसांत तोच ओपनर पार्सलची सुतळी कापी, दोरातल्या भिजून आवळलेल्या गाठी सोडवी, आणि गंजू लागला की खोबरेल पुसून घेई.

काकांनी त्याचे किती पैसे मोजले, हे कोणी विचारले नाही. पुतण्याच्या ओपनराची किंमत मात्र मी इंटरनेटवर शोधून काढली, आणि तेव्हापासून त्याच्या वाढदिवसाला काय द्यावे याचा मला घोर लागला आहे. आपल्या लग्नांतले लेमन सेट या बाबतीत निष्पाप म्हटले पाहिजेत. वरचा कागद न फाडता ते एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जात आणि कोणाचे कोणावर ओझे राहत नसे. मखमलीतली वस्तू अशी पुढे सरकवता येत नाही; तिला कपाटात मानाची जागा द्यावी लागते, आणि पाठवणाऱ्याचा फोन आला की तिची खुशालीही सांगावी लागते.

कोकणातला माणूस महागडी भेट देतच नाही असे नव्हे. आमची महागडी भेट म्हणजे हापूसची पेटी. उत्तम फळ निवडून, पेंढ्याचे थर देऊन ती मुंबईला रवाना करायची आणि घरच्यांनी डागी आंब्यांवर भागवायचे, ही रीत इथे कोणाला खटकत नाही. मोसमाच्या तोंडाला त्या पेटीचा भाव ऐकून भले भले मागे सरतात. परंतु आठ-दहा दिवसांत आंबे संपतात, रिकाम्या खोक्यात कांदे-बटाटे पडतात, आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणाला कशाची आठवण ठेवावी लागत नाही. चैन असावी तर अशी खाऊन संपणारी असावी, असे माझे मत आहे. पुतण्याला मी ते कळवणार नाही, हा भाग वेगळा.

आमच्या शेजाऱ्याने पर्यटकांसाठी होमस्टे काढला आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे बुचाची बाटली घेऊन आले की तो कुंपणापलीकडून ओपनर मागतो, मी जुना देतो. परत आणून द्यायला तो कधी विसरला तर मीही तगादा लावत नाही. अलीकडे मात्र त्याने, पाहुणे जरा बडे आहेत म्हणून, नवा मागितला. "तो पुतण्याचा आहे," असे मी पटकन सांगून मोकळा झालो. त्याला ते पटले. मलाही पटले, असे म्हणायला हरकत नाही.