तुम्ही विचारलंत म्हणून: घरातल्या मोडी कागदांचं काय करायचं?

मला मोडी वाचता येतं असं कळलं की पुण्यात हमखास हा प्रश्न येतो. वाडा पाडायला निघालाय, माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली, आत मोडी कागदांचं गाठोडं. घरात कुणालाच वाचता येत नाही. "ताई, यातलं महत्त्वाचं तेवढं काढून द्या, बाकीचं टाकून देतो."

काही टाकू नका. आणि कृपा करून काही क्रमाने लावूही नका. गाठोडं जसं बांधलंय तसंच राहू द्या.

माझा सगळा आग्रह या शेवटच्या वाक्याचा आहे. गाठोडं बांधणाऱ्या माणसाला त्या कागदांचा संबंध माहीत होता. एका घरी वाटणीच्या वेळी तीन भावांनी पेटीतले कागदही सारखे तीन भाग करून घेतले. थोरल्याच्या वाट्याला कर्जाचं खत आलं आणि धाकट्याकडे, दुसऱ्या गावी, त्याच कर्जाची फारखत, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, गेली. थोरल्याकडचे कागद वाचणाऱ्याला त्यांचे पणजोबा कर्ज बुडवणारेच वाटणार. दोन्ही कागद एका रुमालात, म्हणजे एका कापडात बांधलेले, असते तर एका दुपारी उलगडा झाला असता.

तारखांचं तर फारच अवघड होतं. मराठेशाहीतल्या पत्रात बहुतेक वेळा 'छ' लिहून चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो: 'छ १२ रजब'. साल मात्र अनेकदा नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? आज ते साल काढायचं तर शेजारच्या कागदांवरूनच काढावं लागतं. एखाद्या हिशेबावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असा अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन (त्या काळची एक कालगणना) सापडला, म्हणजे ११६१, म्हणजे इसवी १७६०-६१, पानिपतचं साल, की त्याच्या बरोबरीची दहा पत्रं जागेवर बसतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यातली १७५० ते १७६१ची पत्रं अशीच मागचं-पुढचं पाहून लावावी लागली. पुढे १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही अशाच घराघरांतून आलेल्या दप्तरांवर.

"पण आमच्याकडे शिवाजी महाराजांचं पत्र थोडंच असणार?" हेही विचारतात, जरा खट्टू होऊन. बहुधा नसेल. असतील ती खतं, शेतसाऱ्याच्या पावत्या, मुंजीच्या खर्चाच्या यादी, पाणंदीच्या भांडणाचा करीना, म्हणजे हकिकत. मला यांचंच मोल जास्त वाटतं. राजांची पत्रं जपणारे पुष्कळ होते. तुमच्या गावात त्या साली तुपाचा भाव काय होता आणि कोण कुणाचं देणं लागत होतं, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही.

पेशवे दफ्तराचंच, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांचंच, पाहा. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात त्याचे हजारो रुमाल आहेत. ते टिकले याचं एक मोठं कारण महसुलाचं आहे. १८१८नंतर इंग्रजांना कुणाचं इनाम खरं आणि कुणाचं खोटं हे तपासायचं होतं. १८५२चं इनाम कमिशन त्यासाठीच. त्या कोरड्या गरजेपोटी रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी, सांभाळल्या गेल्या. मग १९३०च्या दशकात इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातून ४५ खंड निवडून छापले, आणि तरी बहुतेक कागद अजून रुमालातच आहेत.

आता सांभाळायचं कसं. जुना हातकागद चिवट असतो. पणजोबांचा कागद तुमच्या लहानपणीच्या वर्तमानपत्रापेक्षा बऱ्या अवस्थेत सापडेल. शाई काजळीची, ती उडत नाही, पण पाण्याने फुटते. म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. चिकटपट्टी नको. लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा केलं की ते निघत नाही. खळ धुऊन काढलेलं मांजरपाट घ्या, त्यात सैल बांधा, वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवा, आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब.

मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण दोन्ही बाजूंचे. पाठीवर बारीक अक्षरात शेरे असतात. लांबलचक कागद तुकडे चिकटवून केलेला असतो आणि जोडावर शिक्का मारलेला दिसतो, मधे कुणी तुकडा घुसडू नये म्हणून. त्या जोडाचा वेगळा, जवळून फोटो घ्या.

चित्रांबाबतही माझं उत्तर हेच. चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेच्या, पोथीत एका कथेची चित्रं क्रमाने असतात, दोन-दोन पाठीला पाठ चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र पुढे धरून गोष्ट पुढे नेतो. भिंतीवर शोभेल म्हणून पोथीतलं एक चित्र कुणी विकत घेतलं की कथेत भोक पडतं, आणि ते चित्र कुठल्या प्रसंगाचं हे सांगणंही कठीण होतं. घरात अशी पोथी असेल तर सुटी पानं विकू नका. पैशांची नड असेल तर पोथी अख्खी द्या, आणि संग्रहालयाला आधी विचारा.

संस्थेला द्यायचं ठरलं तर घरातल्या सगळ्यांची संमती घ्या, गाठोडं कुठून आलं, कुणाच्या पेटीत होतं, ते एका कागदावर आजच्या मराठीत लिहून आत ठेवा, आणि देताना पोच घ्या. द्यायचं नसेल तरी चालेल. तुमचं आहे, तुमच्याकडे राहू दे. वाचून हवं असेल तर मला अख्खं गाठोडं दाखवा, निवडलेला एकच कागद आणू नका. भर पावसात मात्र आणू नका, दसऱ्यानंतर या.