खजुराचा गर बाद, खजूरपाणी पास: कच्च्या आहारावरचं लाँग रन इंधन

आधी चांगली बातमी. गाळलेल्या खजूरपाण्यावर ३२ किमीचा लाँग रन (लांब पल्ल्याचा सराव) पोट जराही न फुगता पार पडला, शेवटच्या ५ किमीचा पेस, म्हणजे धावण्याचा वेगही टिकला. आधीच्या खजुराच्या पेस्टवर २५ किमीनंतर जे डचमळणं सुरू व्हायचं, ते आलंच नाही. वाईट बातमी अशी की पुढच्या बॅचने सॉफ्ट फ्लास्क (धावताना न्यायची मऊ बाटली) फुग्यासारखा ताणला. झाकण उघडताच आंबूस वास आणि फेस. ही नोंद मुख्यतः त्या फेसाबद्दल आहे.

पेस्ट का सोडली, याचा हिशोब सरळ आहे. तासाला ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) हवेत तर बिया काढलेला साधारण ८० ग्रॅम खजूर लागतो, आणि त्यासोबत ६ ग्रॅमच्या वर फायबर पोटात जातं. तीन तासांत १८-१९ ग्रॅम. धावताना आतड्याकडचं रक्त आधीच पायांकडे वळलेलं असतं, त्यात फायबरने जठर रिकामं व्हायला उशीर होतो. साखर खजुरात उत्तम आहे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास समसमान, म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी शोषली जाणारी. अडथळा गराचाच होता.

कृती आता अशी ठरली आहे. २०० ग्रॅम झाहिदी जातीचा खजूर (बिया काढल्यावरचं वजन). प्रत्येक खजूर उभा चिरून आत बघायचा, कारण किडे आणि त्यांची भुकटी आतच असते, बाहेरून कळत नाही. दोन पाण्यांत धुवायचा, सुरीने बारीक चिरायचा आणि २५० मिली गाळलेल्या पाण्यात ८ ते १० तास फ्रीजमध्ये ठेवायचा. मिक्सर लावायचा नाही. मिक्सरमध्ये फायबर इतकं बारीक होतं की ते मलमलीतूनही उतरतं आणि पुन्हा पेस्टच हातात येते. मलमलीत बांधून तासभर आपोआप ठिबकू द्यायचं, मग हलक्या हाताने एकदा दाबायचं. जोर लावून पिळलं की पेक्टिन (फळातला चिकट, घट्ट करणारा घटक) उतरून पाणी बुळबुळीत होतं.

गोडी मोजायला द्राक्ष बागायतदार वापरतात तोच हातातला रेफ्रॅक्टोमीटर, ०-३२ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रवात साखर किती ग्रॅम). कच्चं खाऊन लांब पळणाऱ्याने मिक्सरच्या आधी हा घ्यावा, असं स्पष्ट मत आहे. पहिल्या गाळणीला २८ च्या आसपास आकडा येतो, म्हणजे १०० मिलीत साधारण ३१ ग्रॅम विरघळलेला ऐवज, बहुतेक साखरच. तासाचे ६० ग्रॅम म्हणजे १९० मिली. द्रव फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आला की मगच मोजा, आणि मीठ मोजणीनंतर घाला, कारण यंत्र मीठही साखरेतच धरतं. उरलेल्या चोथ्यावर १०० मिली पाणी घालून दुसरी गाळणी काढली की ते फिकं पाणी पुढच्या बॅचला भिजवायला वापरता येतं. साखर वाया जात नाही.

आता फेस. ती बॅच फ्रीजबाहेर, ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावर भिजली होती. खजुराच्या सालीवर रानटी यीस्ट असतंच आणि २८ ब्रिक्सचं पाणी त्याला अडवत नाही. मध टिकतो कारण त्यात पाणी २० टक्क्यांहून कमी असतं. इथे ७० टक्क्यांच्या वर आहे. शिजवणारा माणूस एक उकळी काढून मोकळा होतो. आपल्याला कच्च्या आहाराची ४६-४८ अंश सेल्सिअसची मर्यादा पाळायची, म्हणून जंतू मारता येत नाहीत, फक्त त्यांचा वेग कमी करता येतो. फ्रीजमध्येच भिजवणं, २०० मिलीला १० मिली लिंबूरस, आणि फ्लास्कचा चावायचा व्हॉल्व्ह सुटा करून ब्रशने घासून पूर्ण वाळवणं. बहुतेकांच्या फ्लास्कचा आंबूसपणा त्या व्हॉल्व्हच्या खाचेत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या तासाचे फ्लास्क आदल्या रात्री तीन-चतुर्थांश भरून फ्रीझरमध्ये. गोठवल्याने यीस्ट मरत नाही, थांबतं, आणि तेवढं पुरतं.

बेदाण्याचंही हेच तंत्र चालतं. हिरवट-सोनेरी बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो. तो आंबायला उशीर लागतो, पण दम्याचा त्रास असलेल्यांनी टाळावा आणि चवही घशाला लागते. धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा घ्या, फ्रीजची शिस्त पाळून. खजुराबाबत चकाकीवर जाऊ नका. काही मालाला वाफ देऊन किंवा ग्लुकोज सिरप चोळून तकाकी आणलेली असते, तो कच्चा राहत नाही. मेजूल हा महागडा मऊ खजूर गाळण्यासाठी घेणं म्हणजे पैसे चोथ्यात टाकणं. तो लाडवांना ठेवा.

पाणी आणि मीठ: १९० मिली खजूरपाण्यासोबत तासाभरात साधारण ५५० मिली पाणी, म्हणजे पोटात ८ टक्क्यांच्या आसपास मिश्रण. सव्वा ग्रॅम शेंदेलोण, म्हणजे जवळपास ५०० मिलिग्रॅम सोडियम. शहाळ्यावर मिठाची भिस्त ठेवू नका, त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं.

हे लिहितानाच एक गोष्ट पुन्हा खटकली. ८ टक्के ग्लुकोज-फ्रुक्टोजची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांची दाटी, ४४० च्या घरात जाते, रक्ताची २९० च्या आसपास. म्हणजे मिश्रण आधी आतड्यात पाणी ओढणार. उसाच्या रसात मात्र बहुतांश सुक्रोज, आणि तेवढ्याच वजनाला त्याचे कण जवळपास निम्मे. १०० मिली रसात १३-१५ ग्रॅम साखर धरली तर रस आणि पाणी निम्मे-निम्मे केल्यावर ७ टक्के मिश्रण मिळतं, तेही रक्तापेक्षा पातळ. फायबर जवळपास शून्य. मग पहिल्या दीड तासाला खजूर कशाला?

अडचण रसाच्या आयुष्याची. काही तासांत तो काळवंडतो, आणि जंतू सुक्रोज फोडून रस चिकट करतात. म्हणून साल तासलेल्या कांड्या, धुतलेला चरक, बिनबर्फाचा रस, लगेच लिंबू पिळून गोठवायचा. रसवंतीवर घ्यायचाच असेल तर सकाळी चरक धुतल्यावरचा पहिला घाणा घ्या.

कार्ब लोडिंग (शर्यतीआधी शरीरात कार्ब साठवणं) थोडक्यात: ६० किलोच्या धावपटूला किलोमागे ८ ग्रॅम म्हणजे ४८० ग्रॅम कार्ब. सगळे केळ्यांतून घेतले तर सोललेली दोन किलोंहून जास्त केळी आणि ५० ग्रॅमच्या वर फायबर. शर्यतीच्या आदल्या दिवशी ते नको. अर्धे कार्ब ऊस, मोसंबी किंवा द्राक्षांच्या रसातून, बाकी चट्टे पडलेल्या केळ्यांतून. हिरवट केळ्यातला स्टार्च कच्चा पचत नाही, थेट वायू होतो. मोड आलेले मूग त्या दिवशी पूर्ण बंद.

पुढच्या लाँग रनला बदललेली योजना: पहिली ९० मिनिटं निम्मा रस, निम्मं पाणी, तासाला ८५० मिलीपर्यंत, त्यातच शेंदेलोण. मग अर्धवट वितळलेलं खजूरपाणी. एवढा रस पाठीवर वाहून नेणं जड आहे, म्हणून ५ किमीच्या लूपवर बाटल्या ठेवायच्या. मुंबई मॅरेथॉनसारख्या शर्यतीत हे जमणार नाही. तिथे खजूरपाणी घट्ट करून कमी फ्लास्कमध्ये बसवावं लागेल. त्यासाठी पहिली गाळणी ताज्या खजुरावर पुन्हा भिजवून ४० ब्रिक्सपर्यंत जाते का, ते बघायचं आहे. ०-३२ चं यंत्र तिथे अपुरं पडेल, त्यामुळे समान पाणी मिसळून मोजायचं आणि आकडा दुप्पट करायचा. मिसळताना वजन मोजा, मिली नको.