वारा पडला तेव्हा

प्रस्तरारोहणाच्या तुकड्या नेणं हे माझं काम. त्या दिवशीचा अंदाज असा होता: सकाळी पश्चिमेचा वारा, दुपारकडे तो मंदावणार आणि दोननंतर पाऊस. पावसाची काळजी सगळेच करतात. मला धास्ती होती ती मधल्या वेळेची.

चावरी चिलटं जेमतेम एक ते तीन मिलिमीटरची, साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरतात. पण पंखांत जोर नसतो. ताशी १०-११ किलोमीटरचा वारा सुटला की त्यांचं उडणं थांबतं. म्हणून अंदाजात मी आधी वाऱ्याचा आकडा बघते.

तुकडीला ओढ्याकाठचा कडा हवा होता. वर कातळाचा छज्जा, पावसातही कोरडा. पण सावली, ओल आणि अडलेला वारा म्हणजे चिलटांचं माहेरघर. पहाटे चढाई सुरू करायचाही आग्रह होता. पहाट आणि संध्याकाळ तर त्यांच्या ऐन भराच्या वेळा. दोन्हीला मी नाही म्हटलं. धारेवरचा उघडा कातळ ठरवला, नऊला सुरुवात, एकच्या आत सगळे खाली. रात्री सर येऊन गेली होती, पण ग्रॅनाइट वाऱ्यावर लवकर सुकतो. वालुकाश्म असता तर बेतच रद्द केला असता; तो भिजला की वरून कोरडा दिसला तरी आतून कमकुवत असतो, पकडी तुटतात.

साडेअकराच्या सुमारास सॅकला बांधलेली फीत लोंबली. वारा पडला होता. लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणारा मुलगा कातळात ठोकलेल्या चौथ्या बोल्टच्या वर होता आणि खाली बिले देणाऱ्या, म्हणजे त्याचा दोर सांभाळणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर बघता बघता चिलटं बसली. कानामागे, पापण्यांवर, हेल्मेटच्या पट्ट्याखाली. ती गाल खांद्यावर घासत होती, डोळे मिचकावत होती, पण दोर धरलेला उजवा हात तिने हलवला नाही. चढणारा निदान सरकत तरी असतो. बिले देणाऱ्याला जागा सोडता येत नाही, हात सोडणं तर दूरच. माझ्या मते सगळी आखणी त्याच्यासाठी करायची असते.

तिच्या हाताखालचा दोर मी एका हाताने पकडला आणि दुसऱ्याने तिच्या हेल्मेटवरून जाळी ओढली. जाळी काळीच घ्यावी. पांढरी उजेडात चमकते आणि वरचा माणूस नीट दिसत नाही. डीट, म्हणजे कीटक दूर ठेवणारं औषध, सकाळीच लावून झालं होतं, तळवे सोडून. तळव्याला लागलं की पकड निसटते, शिवाय ते प्लॅस्टिकही खराब करतं.

"पुढच्या बोल्टला दोर अडकव आणि थांब," मी वर ओरडले. माथा अगदी जवळ होता, त्याला पुढे जायचं होतं. पण वारा परतत नव्हता आणि पश्चिमेला ढग दाटले होते. बोल्टवर एक कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, सोडून त्याला खाली घेतलं.

तो नाराज झाला, आणि मला त्याचं वाईट वाटलं. सामान आवरेपर्यंत थेंब पडू लागले, अंदाजापेक्षा बरेच आधी. कॅराबिनर नंतर कातळ सुकल्यावर वरून रॅपल करून, म्हणजे दोरावरून उतरत, काढून आणला.