विहीर, झरा, टेकडी: हिब्रू गावांची नावं उकलताना

हिब्रू शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, गावाचं नाव आलं की आधी त्याचा पहिला तुकडा सुटा करावा. 'बैर' ही माणसांनी खणलेली विहीर. 'एन' हा आपसूक फुटलेला झरा. खणलेल्या पाण्यावर हक्क सांगता येतो, म्हणून विहिरींच्या नावांत तंटे मुरलेले दिसतात. 'उत्पत्ती' या त्यातल्या पहिल्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याची माणसं गरारच्या खोऱ्यात विहिरी खणतात. पहिलीचं नाव एसेक (भांडण), दुसरीचं सितना (वैर), आणि तिसरीवर कुणीच आडवं आलं नाही म्हणून ती रहोबोथ (ऐसपैस जागा). किती सुंदर क्रम आहे हा! एन-गेदी म्हणजे 'करडाचा झरा'. मृत समुद्राच्या पश्चिम काठावरच्या त्या कड्यांत रानबकरे आजही दिसतात.

बैर-शेबाचा अर्थ मात्र एकच ठरवायला जाऊ नये. 'सात' आणि 'शपथ' या दोन्ही शब्दांची मूळ अक्षरं तीच, आणि उत्पत्तीच्या २१व्या अध्यायात सात मेंढ्याही आहेत नि शपथही.

दिशा पूर्वेकडे तोंड करून मोजलेल्या असतात. आपल्या 'दक्षिण' शब्दात उजवी बाजू दडलेली आहे, तशीच हिब्रू 'यामीन'मध्येही. बन्यामीन म्हणजे उजव्या हाताचा, किंवा दक्षिणेचा, पुत्र; त्याच्या वंशाचा प्रदेश एफ्राईम वंशाच्या प्रदेशाच्या दक्षिणेलाच आहे.

याच प्रदेशात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. गेबा, गिबा आणि गिबोन या तिन्ही नावांच्या मुळाशी 'टेकडी' आहे आणि तिन्ही गावं यरुशलेमच्या उत्तरेला, जवळजवळ. गेबा आणि शौल राजाचं गिबा ही गावं वेगळी, हे यशयाच्या पुस्तकातल्या १०:२९ या एकाच वचनात दिसतं. जमिनीवर ती शोधताना अरबी नावं कामी येतात, कारण हिब्रू 'ग'चा तिथे 'ज' होतो. गेबाचं झालं जबा. गिबोनचा शेवटचा 'ओन' गळून उरलं अल-जीब. बायबलचे अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन आणि मिशनरी एली स्मिथ यांनी १८३८च्या प्रवासात अशी कितीतरी गावं याच वाटेनं ओळखली. पण नुसत्या उच्चारावर विसंबू नये. अल-जीबची खात्री पटली ती १९५६पासून पुरातत्त्वज्ञ जेम्स प्रिचर्ड यांनी केलेल्या उत्खननात, घड्यांच्या कानांवर 'गबअन' (म्हणजे गिबोन) ही अक्षरं कोरलेली सापडली तेव्हा.

नाव जागाही बदलतं. बेथ-शानचं नाव बैसान या रूपात टिकलं, पण जुन्या टेकाडावर नव्हे, त्याच्या पायथ्याच्या वस्तीत.

अर्थ जुळला तरी जपून. 'आय' म्हणजे भग्न ढिगारा. बेथेलच्या पूर्वेला तो अत-तल्ल इथे दाखवतात, आणि अरबीत 'तल्ल' म्हणजे टेकाडच. पण उत्खननात तिथे साधारण इ.स.पू. २४०० ते १२०० या काळात वस्तीच आढळलेली नाही, त्यामुळे यहोशवानं आय जिंकल्याची जी कथा आहे, तिच्यातलं आय नेमकं हेच का, हा वाद अजून मिटलेला नाही.