तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रा की शिंगल?

घर बांधायला काढलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोलणं झालं की हा प्रश्न येतोच. "पाऊस फार आहे हो, पत्रा घालू की शिंगल?" छपरांची कामं करवून घेणं हा माझा धंदा, त्यामुळे विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. मी उलट विचारते, "उतार किती ठेवलाय?" यावर बहुतेक जण गप्प होतात. त्यांना खरं तर रंगाबद्दल बोलायचं असतं.

पण उतार कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. शिंगल म्हणजे काचतंतूंची चटई, तिच्यावर डांबराचा लेप आणि वर बारीक दगडी रवा. हे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवतात. ते पाणी कोंडून धरत नाहीत, खालच्या तुकड्याच्या अंगावर ढकलतात. पाणी झटपट खाली गेलं तर सगळं ठीक. ते रेंगाळलं, किंवा वाऱ्याने उलटं वर चढलं, की खवल्याखाली शिरलंच. म्हणून 3 फूट आडव्या अंतरात 1 फूट चढ असला तर शिंगल निर्धास्त घाला. 6 फुटांत 1 फुटापर्यंतही चालतं, पण मग खाली दुहेरी अस्तर हवं. त्याहून चपट्या छपरावर शिंगल घालूच नये. गुत्तेदार "काही होत नाही" म्हणाला तरी नाही.

पत्रा म्हटलं की कुठेही चालतो, हाही गैरसमजच. वरून स्क्रू मारलेला, कडेवर कड चढवलेला साधा पत्रा सांध्यात सीलंट न भरता घालायचा तर त्यालाही 4 फुटांत 1 फूट चढ लागतो. उभ्या शिवणीचा पत्रा मात्र वेगळा. त्यात दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून यंत्राने एकमेकींत दुमडतात. पकडणाऱ्या क्लिपा आत लपतात आणि पत्र्याच्या सपाट अंगाला भोक पडतच नाही. तो जवळजवळ सपाट छपरावरही टिकतो. महाग पडतो, आणि घालणारा हात तयार लागतो.

भोकाचं एवढं का बोलते, तर माझ्या स्वतःच्या घराची गोष्ट आहे. माझ्या डोक्यावर साधा स्क्रूचा पत्रा आहे. दुसऱ्याच पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटावर थेंब पडू लागला. मी शिडी लावून कपाटाच्या बरोब्बर वरचा पत्रा हातभर तपासला. कोरडा ठणठणीत. तीन दिवस तिथेच शोधत होते, आणि हे काम रोज करणारी बाई मी! शेवटी बॅटरी घेऊन आतून पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यावर स्क्रूने बसतो त्या आडव्या पट्टीच्या, कडेने बघत गेले, तर तिच्या पोटाखालून पाण्याची एक रेघ चकाकत होती. पाणी दोन मीटर बाजूला आत येऊन तिच्या अंगाने सरकत कपाटापर्यंत पोचत होतं. तिथला स्क्रू तिरका बसला होता. त्याखालचा रबरी वॉशर एका बाजूने चेपून बाहेर आला होता आणि दुसऱ्या बाजूला नखभर फट होती. ड्रिल जास्त दाबलं की असंच होतं. वॉशर जरासा फुगलेला दिसला की थांबायचं असतं. काम चालू असताना मी तिथेच उभी होते, म्हणजे दोष कोणाला द्यायचा?

नीट बसलेला स्क्रूही कायमचा नाही. पत्रा उन्हात वाढतो आणि पावसाची सर आली की आखडतो. तापमानात 40 अंशांचा फरक पडला तर 6 मीटर लांबीचा लोखंडी पत्रा सुमारे 3 मिलिमीटर लांब-आखूड होतो. हे वर्षानुवर्षं चालतं, भोक मोठं होतं, आणि तोवर रबरही कडक झालेलं असतं. स्क्रूचा पत्रा घेणार असाल तर अधूनमधून छपरावर चढून स्क्रू बघायची तयारी ठेवा. ती नसेल तर उभ्या शिवणीचे पैसे मोजा.

पन्हळी पत्र्याचं पेटंट हेन्री पामर या इंग्रज अभियंत्याने 1829 मध्ये घेतलं. लोखंडावर जस्त चढवण्याचं पेटंट फ्रान्समध्ये झालं ते 1837 मध्ये. ताकद त्या पन्हळीत असते आणि आयुष्य मुलाम्यात, हे तेव्हापासून बदललेलं नाही. आता अॅल्युमिनियम आणि जस्त मिसळलेला मुलामा मिळतो, त्यात अॅल्युमिनियम 55 टक्के. पावसात तो नुसत्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो, पण ओल्या सिमेंटशी त्याचं जमत नाही. भिंतीचा गिलावा आधी उरका, पत्रा मागून. आणि पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्या मुलामा जाळतात आणि उडालेला कीस पत्र्यावरच गंजतो. नव्याकोऱ्या छपरावर पहिल्या पावसानंतर तांबूस ठिपके दिसले तर ते बहुतेक त्या किसाचेच. कात्रीने कापायला वेळ लागतो, लागू दे.

मग शिंगल कधी? छपराला कोपरे फार असतील तेव्हा. चारपाच उतार एकमेकांत घुसलेले, मधूनच वर काढलेली खिडकी, एखादं धुरांडं. अशा ठिकाणी पत्रा तिरका कापत बसावा लागतो आणि प्रत्येक काप म्हणजे नवा सांधा. शिंगल हाताएवढा तुकडा, कुठेही वळतो. फक्त भिंत आणि छप्पर भेटतात तिथली फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पत्र्याची पट्टी, नीट हवी. मी पाहिलेल्या गळत्यांपैकी बहुतेक तिथल्याच, आणि त्यावर कोणीतरी सिलिकॉनची नळी रिकामी केलेली.

सततच्या ओलीत शिंगलवर काळे ओघळ येतात. ती धूळ नव्हे, ते सूक्ष्म जीव. डांबरात भरलेली चुनखडीची भुकटी त्यांना पोसते. यंत्राच्या जोरदार फवाऱ्याने धुवायला जाल तर रवा निघून येईल आणि डांबर उघडं पडेल. त्यापेक्षा आढ्याखाली जस्ताची पट्टी बसवतात. तिच्यावरून उतरणारं पाणी ही वाढ रोखतं. तांब्याचीही चालते, पण खाली जस्ताच्या मुलाम्याची पन्हाळ असेल तर नको. तांब्यावरून आलेलं पाणी जस्त खातं.

आवाजाचं सगळे विचारतात. उघड्या पर्लिनवरच्या पत्र्याखाली मोठी सर आली की बोलणं थांबवावं लागतं. खाली फळ्या आणि जाड अस्तर असेल तर तो आवाज पुष्कळ मरतो. मला तो आवडतो, पण मी तुमच्या घरात झोपत नाही. दमट हवेत खरी काळजी पत्र्याच्या आतल्या बाजूला धरणाऱ्या घामाची. घरातली वाफ थंड पत्र्याला लागून थेंब पडतात आणि माणसं छप्पर गळतं म्हणून मला फोन करतात. आत वारा खेळू दिला आणि अस्तर घातलं की असे फोन कमी येतात.

परवा एका बाईंनी उतार मोजून कळवला. 5 फुटांत 1 फूट, दोनच बाजू, मध्ये काही नाही. म्हटलं, शिंगल विसरा, उभ्या शिवणीचा पत्रा घाला. त्या म्हणाल्या, "बरं. आणि रंग?"