बाबांचा लॅपटॉप नेमका कोणाच्या ताब्यात?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. बाबांचा लॅपटॉप तसा घरगुती कामाचा, पण बँकेचे सगळे व्यवहार त्याच्यावरच चालतात. म्हणून त्यावर विंडोज ११ चढवलं. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), प्रोसेसर, सगळं निकषात बसत होतं. विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत, उतरवली, सेटअप चालवला आणि फाइल्स-ॲप्स जागच्या जागी ठेवायचा पर्याय निवडला. सगळं सुरळीत झालं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. "अगं, नातीचा फोटो मागे लावायचाय, पण ते बटण दाबलंच जात नाही." जाऊन बघते तर वॉलपेपरचे पर्याय करडे पडलेले आणि वर एक ओळ : सम ऑफ दीज सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन. शाळेतून निवृत्त होऊन बाबांना जमाना झाला. "माझी आता कुठली संस्था? ज्येष्ठ नागरिक संघ?" विंडोज अपडेटच्या पानावरही हीच ओळ.

चुलतभावाचा सल्ला ठरलेला : फॉरमॅट मार. पण बाबांचे जुने लेख श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते फॉन्ट नि ती सगळी मांडणी पुन्हा उभी करायची माझी तयारी नव्हती.

आधी अकाउंट्समध्ये जाऊन ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ पाहिलं. शाळा-ऑफिसचं एखादं खातं जोडलेलं राहिलं की असे प्रकार होतात. तिथे काहीच नव्हतं. मग जीपीएडिट, म्हणजे असे नियम (पॉलिसी) बदलायचं विंडोजचं साधन, उघडायला गेले, तर लॅपटॉपवर होम आवृत्ती. होममध्ये ते येतच नाही.

अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘कॉन्फिगर्ड अपडेट पॉलिसीज’ नावाचं पान आहे, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. तिथे ऑटोमॅटिक अपडेट बंद करणारी पॉलिसी लागू असल्याचं दिसलं. तेव्हा उलगडा झाला. कंपन्यांचे ॲडमिन जे नियम लावतात, ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ठरावीक जागी नोंदवले जातात. विंडोज फक्त ती नोंद वाचतं. मागे खरंच कुठली कंपनी आहे का, हे बघत नाही. नोंद कोणीही करू शकतं, आणि अपग्रेडमध्ये ती सामानासोबत पुढे येते.

रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचं साधन) उघडून आधी पॉलिसींच्या शाखा एक्स्पोर्ट करून ठेवल्या. हे टाळू नका, रजिस्ट्रीत ‘अनडू’ नसतं. एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट, एयू असं उतरत गेल्यावर ‘नोऑटोअपडेट’ सापडलं, किंमत १. वॉलपेपरचं कुलूप करंट यूजरखाली निघालं : सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, ॲक्टिव्हडेस्कटॉप. तिथे ‘नोचेंजिंगवॉलपेपर’, तेही १. दोन्ही उडवली, रीस्टार्ट केलं.

दोन्ही परत हजर!

म्हणजे कोणीतरी ती पुन्हा लिहीत होतं. ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरची लायब्ररी वरपासून चाळली. लॉगऑन होताच चालणारं एक टास्क निघालं, ते सी ड्राइव्हवरच्या एका बॅच फाइलकडे (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) बोट दाखवत होतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली : ‘रेग ॲड’ने (रजिस्ट्रीत नोंद घालायची कमांड) सुरू होणाऱ्या चारपाच ओळी, प्रत्येकीच्या शेवटी ‘स्लॅश एफ’, म्हणजे न विचारता लिही. तारीख लॅपटॉप घेतला त्या सुमाराची. हा सेकंडहँड लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराचा उद्योग. अपडेट बंद का केलं असेल, ते मी समजू शकते. तेव्हा नेट डोंगलवर मोजूनमापून वापरायचे लोक, आणि अपडेटने डेटा संपला की तक्रार दुकानातच. वॉलपेपरला कुलूप मात्र कशाला? तेव्हा मागे त्याच्याच दुकानाची जाहिरात होती हे आईला आठवलं.

टास्क डिलीट, बॅच फाइल डिलीट, मग रजिस्ट्रीतल्या दोन्ही नोंदी पुन्हा डिलीट. या क्रमाने केल्यावर करडी बटणं जिवंत झाली.

ऑफिसच्या मशीनवर हे करून उपयोग नाही. डोमेनवरच्या, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला जोडलेल्या, कॉम्प्युटरवर ग्रूप पॉलिसी (कंपनीने लावलेले नियम) साधारण दर ९० मिनिटांनी ताजी होते, शिवाय आयटीवाल्यांचा फोन येईल तो वेगळा.

डायग्नॉस्टिक डेटाच्या (मायक्रोसॉफ्टकडे जाणाऱ्या माहितीच्या) पानावर ती ‘ऑर्गनायझेशन’वाली ओळ अजून दिसते. ही माहिती किती जावी ते ठरवणारं ‘अलाउटेलिमेट्री’ शून्यावर ठेवलंय, तेही त्याच फाइलमधलं. होम आवृत्तीत ‘०’ हे ‘१’ असल्यासारखंच धरलं जातं, म्हणजे कमीत कमी माहिती जाते. बाबा म्हणाले, "ते राहू दे. दुकानदाराचं तेवढं एक काम बरं आहे."